साडूभाऊ चौथीत जातात

माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांत असा एकच माणूस आहे, की ज्याचं अभिनंदन करावं का सांत्वन करावं हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळत नाही, त्याला विचारून कळत नाही आणि त्याच्या बायकोला विचारलं तर उलट आपलाच गोंधळ वाढतो. हा माणूस म्हणजे माझे साडूभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सोनाळ्याला गुरांचे डॉक्टर आहेत, खाजगी प्रॅक्टिस करतात. आठवड्याचे सहा दिवस म्हशींच्या पोटावर कान ठेवून असतात आणि सातव्या दिवशी मोटारसायकलवर बसून खामगावला पोकर खेळायला जातात. पोकर. रमी नव्हे, तीनपत्ती नव्हे. 'हा खेळ तुम्हाला कुठे भेटला?' असं मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, की हैदराबादला कोंबड्यांच्या रोगांवरच्या शिबिरात.

पहिला धक्का मला बसला तो एका रविवारी. मी चिखलीहून सहज त्यांच्याकडे गेलो होतो. चिखलीच्या शाळेत मी भूगोल शिकवतो, त्यामुळे साडूभाऊ मला मास्तर म्हणतात. दिवेलागणीला ते खामगावहून आले, शीळ घालत घरात शिरले आणि ताईंना शिरा करायला सांगितला. मी आपला म्हणालो, जिंकलात वाटतं. तर म्हणाले, "नाई, आज सगळं हारलो. पण बराबर खेळलो." आणि दोन वाट्या शिरा खाल्ला. पुढच्या महिन्यात गेलो तर हेच गृहस्थ पायातले बूट न काढता बाजेवर बसलेले, समोर जेवणाचं ताट तसंच. मी जवळ बसलो, पाठीवर हात ठेवला, चालायचंच वगैरे म्हणालो. आतून ताई म्हणाल्या, "त्याईले काई म्हनू नका भाऊजी. जिकून आले ते."

मग साडूभाऊंनी खुलासा केला, तो असा, की आलेले पत्ते टाकून देण्याच्या लायकीचे होते, ते त्यांनी टाकले नाहीत, आणि निव्वळ नशिबानं डाव मारला. आता ही वाईट सवय लागणार. हरलेला माणूस एकदाच हरतो, चुकीचं खेळून जिंकलेला पुढे किती वेळा हरेल सांगता येत नाही. हे त्यांचं म्हणणं मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा मान हलवली, आणि परतीच्या एसटीत वरवटपर्यंत विचार केला. काही समजलं नाही.

खेळ मात्र त्यांनी आम्हाला शिकवला. सासुरवाडीला दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा त्यांनी पैशांच्या ऐवजी सरकी वाटली, कापसातलं बी. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते आपले आपण बघायचे. मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे होतात. दोन्ही मिळून ज्याची जुळणी मोठी त्याचा डाव. दर वेळी सरकी वाढवत जायची, नाहीतर पत्ते टाकून बाजूला व्हायचं. आम्ही सगळे वाढवत गेलो. साडूभाऊ टाकत गेले. आम्ही भांडलो, हसलो, एकमेकांची सरकी पळवली, आणि हा माणूस दोन तास भिंतीला टेकून पत्ते उचलतोय, बघतोय आणि परत ठेवतोय. शेवटी सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी ताईंना स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, की डॉक्टरांना खेळता येत नाही की आमच्याकडे काही मानापमान झाला. पण उठायच्या वेळी घरातली जवळजवळ सगळी सरकी त्यांच्यापुढे होती. ती कधी गेली हे मला तरी दिसलं नाही.

त्यांचं सगळं शास्त्र गुरांवरून आलेलं. जनावर बोलत नाही, म्हणून त्याचे कान बघायचे, नाकपुड्या बघायच्या, कोणत्या पायावर भार देतंय ते बघायचं. माणसं बोलतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बोलणं सोडून बाकी सगळं बघायचं. पत्त्यांकडे ते एकदाच बघत. नंतर समोरच्याच्या गळ्यापाशी, श्वास कसा चाललाय तिथे. मला त्यांनी एकदा सांगितलं, "मास्तर, तुम्हाले चांगले पत्ते आले का तुमी पाणी मांगता." तेव्हापासून मी पत्ते खेळताना पाणी पिणं सोडलं. मग त्यांनी सांगितलं, की आता चांगले पत्ते आले की मी माठाकडे बघतो.

खामगावची बैठक रविवारी दुपारी भरे. एका जिनिंगवाल्या शेठच्या ऑफिसच्या वर एक खोली होती, तिथे शेठ, कापडाच्या दुकानाचे एक चाचा, एक वकील आणि साडूभाऊ. खेळ एवढा बारीक, की हरणाऱ्याचं नुकसान चार जणांच्या चहा-कचोरीपेक्षा जास्त होत नसे. वकील सोबत असल्यानं बाकीच्यांना कायद्याची भीती वाटत नसे. वकिलाला मात्र वाटे, आणि तो उठून उठून खिडकी लावून येई. उन्हाळ्यातही. हा साडूभाऊंच्या हिशेबानं दुसरीचा वर्ग. सरकी म्हणजे पहिली, खामगाव दुसरी, आणि गोव्याला नदीतल्या जहाजावर जिथे हा खेळ उघडपणे चालतो, तिथलं सगळ्यात लहान टेबल म्हणजे तिसरी. हिवाळ्यात आठ दिवस ते तिसरीत जाऊन बसत. खेळाचे पैसे घरात मिसळायचे नाहीत, ते गुरांच्या खनिज मिश्रणाच्या रिकाम्या डब्यात राहायचे. डबा भरला की वरच्या वर्गात, अर्धा झाला की मुकाट्यानं खालच्या वर्गात. मी इतकी वर्षं शाळेत आहे, पण 'सर, मला मागच्या वर्गात बसवा' म्हणणारा माणूस मी घरातच पाहिला. लोक मोठ्या खेळात हरले की आणखी मोठ्या खेळात शिरतात, आणि हे खामगावला येऊन चाचांच्या शेजारी आनंदानं कचोरी खात.

दोन वर्षांपूर्वी डबा भरला. पण चौथीच्या टेबलाला सगळाच डबा लागणार होता. ताईंनी एकच अट घातली, की डबा रिकामा झाला तर पुन्हा भरायचा नाही, पत्ते कायमचे बंद. साडूभाऊंनी ती लगेच मान्य केली, आणि मग महिनाभर त्यांचं लक्ष उडालं. एका शेळीला तपासून ते मालकालाच तोंड उघडा म्हणाले. गोव्याला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. का, ते सांगितलं नाही. मला पोहता येतं का एवढं मात्र विचारलं.

जहाजावर चपलेला परवानगी नव्हती. किनाऱ्यावरच्या एका टपरीवर त्यांनी कॅनव्हासचे बूट घेतले, ते एक नंबर लहान निघाले, आणि माझे साडूभाऊ लंगडत लंगडत चौथीच्या वर्गात दाखल झाले. दुपारची वेळ होती, पण आत खिडकी नसल्यानं काहीच कळत नव्हतं. मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. पहिले दोन तास त्यांनी पत्ते टाकले. मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा टेबल शांत झालं होतं. सगळे बाजूला झाले होते, खेळात दोघंच उरले होते: साडूभाऊ, आणि समोर सत्तरीचे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, कोल्हापूरकडचे. आत शिरताना त्यांनीच आम्हाला मराठीत नमस्कार केला होता. साडूभाऊंनी पत्त्यांचा कोपरा उचलला तेव्हा मला दिसले, दोन बादशाह. मधे उघड्या पत्त्यांत तिसरा बादशाह होता. मला एवढ्या वर्षांत या खेळातलं जेवढं कळलं होतं तेवढ्यात हे बसत होतं. डाव आपला होता. आणि तेवढ्यात त्या गृहस्थांनी आपल्यापुढच्या सगळ्या चकत्या, म्हणजे तिथले पैसेच, दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. काही खाली पडल्या. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

साडूभाऊ थांबले. पत्ते वाटणारी मुलगी वाट बघत होती. मला वाटलं, हे गणित करतायत. पण ते पत्त्यांकडे बघत नव्हते. ते त्या गृहस्थांच्या गळ्याकडे बघत होते, मग कपाळाकडे, मग हातांकडे. हात थरथरत होते.

"काका," साडूभाऊ म्हणाले, "सकाळी इंजेक्शन घेतलं आन जेवले नाई ना तुमी?"

गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द फुटला नाही. मुलीनं नम्रपणे सांगितलं, की सर, आधी तुमचा निर्णय द्या. साडूभाऊंनी हातातले पत्ते पालथे टाकून दिले आणि उठले. त्या लहान बुटांत अडखळत टेबलाला वळसा घालून ते पलीकडे गेले, शेजारच्याचा सरबताचा ग्लास उचलला, काकांची हनुवटी धरली आणि एखाद्या वासराला पाजावं तसं घोट घोट पाजलं. "साखर उतरली आहे," एवढंच त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. कोणीतरी साखरेच्या पुड्या आणल्या. जहाजावरचे डॉक्टर आले तोवर काकांच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

पुढचं आणखी चमत्कारिक. काका भानावर आले आणि त्यांच्यापुढे चकत्यांचा डोंगर. त्यांना काही आठवेना. त्यांनी मुलीला विचारलं, की हे माझं कसं. ती म्हणाली, की समोरच्या सरांनी पत्ते टाकले, डाव तुमचा. काका खूश झाले. मग त्यांनी साडूभाऊंकडे जरा संशयानं पाहिलं, म्हणजे या माणसानं एवढ्या मोठ्या डावात का टाकले असतील, आणि त्यानं आपले पत्ते तर बघितले नाहीत, असं. त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. आभार मानायचे राहून गेले, किंवा कशाबद्दल मानायचे ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

साडूभाऊंपुढे निम्म्याहून कमी उरलं होतं. ते उठले, चकत्या परत केल्या, आणि आम्ही बाहेर उन्हात आलो. एका उडप्याकडे बसलो. मी मुद्दाम शिरा मागवला. तो ते खातायत की नाही यावरून मला अंदाज येईल असं वाटलं होतं. त्यांनी अर्धा खाल्ला. शेवटी मी विचारलंच, बरोबर खेळलात की चूक.

ते बराच वेळ बूट सोडत होते. मग म्हणाले, "मले समजून नाई राह्यलं, मास्तर."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला हसू आलं नाही.

खामगावला ही हकीकत मीच सांगितली, आणि तिथे दोन तट पडले. वकिलाचं म्हणणं, की 'हो, मी खेळतो' म्हणायला एक सेकंद लागतो. तेवढं म्हणायचं, मग पाहिजे तेवढी साखर पाजायची, माणूस एका सेकंदात मरत नाही. चाचांचं म्हणणं, की जो माणूस भानावर नाही त्यानं ढकललेल्या चकत्या म्हणजे डावच नव्हे. आजारी गिऱ्हाइकाला कोणी कापडाचं ठाण विकतं का? शेठ म्हणाले, काकांच्या चार दुर्र्या जुळल्या असल्या तर? तीन बादशाहांवर त्या भारी. तेव्हा तर डॉक्टर वाचलेच. साडूभाऊ हे सगळं ऐकून घेत आणि प्रत्येकाला हो म्हणत. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वकिलाचं त्यांना रात्रंदिवस टोचतं. एक सेकंद खरंच होता. पण तो आपण घेतला असता, तर पुढे कोणाचा गळा बघताना आपण डॉक्टर म्हणून बघतोय की खेळाडू म्हणून, हे आपल्याला ओळखू आलं नसतं. आणि तरी, ते म्हणाले, डोळ्यापुढे ते तीन बादशाह येतात.

ते परत दुसरीत बसतात. डब्याचं ताई विचारत नाहीत. खेळून आल्यावर हल्ली ते शीळही घालत नाहीत आणि उपाशीही राहत नाहीत. जे वाढलं ते जेवतात, आणि ताईंना हे आवडत नाही. मला म्हणाल्या, पहिले निदान उलटं का होईना, समजत होतं.

मागच्या महिन्यात खामगावच्या बसस्थानकावर भेटले. मोटारसायकल दुरुस्तीला दिलेली, म्हणून एसटीनं सोनाळ्याला निघाले होते. एका गाईचं अवघड बाळंतपण होतं, त्याबद्दल बोलत होते. केस बरेच पांढरे झालेत. बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमी तं मांगंच बसून होते. तुम्हाले काय वाटते?"

कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मला वाटत होतं ते एका वाक्यात सांगता आलं असतं, की डाव कोणाचा का असेना, त्या दुपारी त्या खोलीत माणसाकडे बघणारे तुम्ही एकटेच होतात, आणि मी तर झोपलो होतो. पण साडूच्या नात्यात असं काही बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि शब्द जुळवेपर्यंत सोनाळ्याची गाडी फलाटाला लागली. लोक दाराशी लोटले. ते अजून माझ्याकडे बघत उभे होते, ते बघतात तसे, तोंडाकडे नाही, गळ्याकडे.

मी म्हणालो, गाडी भरते आहे, बसून घ्या.