बाल्कनीतली धुतलेली खुर्ची

"उठव तिला. माझ्या आईसाहेबांच्या रांगेत कुणाला बसवलं रे भोंग्या?"

इंटरव्हलचे दिवे नुकतेच लागले होते. मालक बाल्कनीच्या दारात उभा. सगळं थेटर माना वळवून बघत होतं. शांता, माझी नवी नवरी, हिरव्या चुड्याचे हात मांडीवर ठेवून बसलेली.

भोंग्या म्हणजे मी. जालन्यातल्या त्या थेटरचा आवाज. टांग्याला दोन्ही बाजूंनी पोस्टरं, मागं कर्णा, मधे मी. मी गावात मस्तगडच्या चौकात बोललो की तिकडं अंबडच्या म्हशी पान्हा चोरायच्या. पिक्चर कितीही पडेल असो, मी सांगायचो, "माणसं रडून रडून बेशुद्ध पडून राह्यली, येताना टॉवेल आणा." लोक खरंच टॉवेल घेऊन यायचे. माझा आवाज मालकाच्या देवघरात जायचा, तेव्हा देव बाटत नव्हते. मी मात्र पडद्याच्या पायथ्याशी, जमिनीवर. आम्हा बौद्धवाड्यातल्या लोकांची जागा तीच. कुठं लिहिलेली नव्हती. सगळ्यांना पाठ होती.

शांताला मी ऐटीत म्हणलो होतो, "मी बोलावल्याशिवाय थेटरात कुत्रं येत न्हाई." म्हणून बाल्कनी.

"मालक, तिकीट काढलंय बराबर."

"तिकिटानं जात बदलती का?"

बाल्कनी हसली. खालचेही हसले.

शांता उठली. तेवढ्यावर भागलं असतं. पण मालकानं पाना मागवला. खुर्चीचे बोल्ट काढले. चार माणसांनी खुर्ची मयत उचलावी तशी खाली आवारात नेली, हापशाखाली ठेवली. डोअरकीपर झाडूनं घासायला बसला.

"भोंग्या, हाण दांडा."

विटाळ आमचाच, आणि पाणीही आम्हीच उपसायचं. मी दांडा हाणला. लोक भजी खात गोल करून उभे. शांता समोर. वरून गोमूत्र शिंपडलं, खुर्ची परत जागेवर गेली, मग उरलेला पिक्चर सुरू झाला. त्या थेटरात एवढा रंगलेला खेळ मी पाहिला नाही.

घरापर्यंत शांता माझ्या पुढं चालली. दारात म्हणाली, "साऱ्या गावाला ऐकू जातो तुमचा आवाज. आज कुठं गेल्ता?"

दुसऱ्या दिवशी टांगा मस्तगडात उभा केला. माईक तोंडाला लावला.

"ऐका हो ऐका. आपल्या थेटरात काल खास खेळ झाला. एक बाई तिकीट काढून खुर्चीवर बसली. मालकानं खुर्ची उपटून हापशावर धुतली. ती बाई माझी बायको. दांडा मी हाणला. आज सगळ्या खेळांना या, अन् धुतलेली खुर्ची ओळखून दाखवा."

कुणी हसलं नाही. टांग्याचं घोडंसुद्धा मान खाली घालून उभं राहिलं, ही थाप न्हाई. पुढच्या चौकात मालकाची माणसं आली. कर्णा चेपला. माझे समोरचे दात पाडले. त्यानंतर जन्मभर मोंढ्यात पोती वाहिली. पण आमच्या वाड्यातलं कुणी पुन्हा पडद्यापुढच्या त्या जमिनीवर बसलं नाही.

परवा थेटर पाडलं. लोक धुळीत उभे राहून हळहळत होते. काय दिवस होते म्हणे. संध्याकाळी मालकाचा पोरगा गाडी घेऊन दारात.

"काका, नव्या कॉम्प्लेक्सची पायाभरणी आहे. जुन्या गोड आठवणी सांगा, तुमच्या त्या आवाजात. शाल देऊ."

भोंग्याचा काका झाला होता.

शांता आतून म्हणाली, "जा. पण हापशावर गेल्ता तसं नका जाऊ."

जाणार आहे. शाल घेणार न्हाई, माईक घेणार. पहिलं वाक्य ठरलंय: इथं माझ्या बायकोची खुर्ची धुतली, अन् ती धुवायला लावणाऱ्याचा पोरगा हा माझ्या शेजारी बसलाय.

माईक बंद करतील. करू द्या. बिनमाईकचा माझा आवाज मस्तगडापर्यंत जातो. दात न्हाईत तरी जातो.