बडीशेपेचा संशय

किन्हीराजा गावच्या जगदेवनं बिडी सोडली, तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. पण पुढं त्याचा थोरला भाऊ ग्यानबा अपघातात गेला. जगदेव गप्प गप्प झाला आणि दर गुरुवारी एकटाच कारंजाची एसटी पकडू लागला. परतताना तोंडात बडीशेप! मी पारावर जाहीर करून टाकलं, "गडी पुन्हा ओढून राह्यला."

त्याची बायको गोजराबाई तर रोज त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायची. धुराचा वास येत नसे, त्यानं तिचा संशय आणखीच बळावायचा. मागं खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेऊनच बिडी सोडली होती.

"शपथ मोडली असन तर मी माहेरी चालली," ती मला म्हणाली. "भाऊजी, तुमाले तसंबी काम नाई. जा त्यायच्या मांगं."

असलं काम मला दोनदा सांगावं लागत नाही. गुरुवारी तोंडावर दुपट्टा घेऊन मी एसटीत त्याच्या मागच्या सीटवर बसलो.

कारंजाला उतरून जगदेव पानटपरीसमोर थबकला. बराच वेळ. हात खिशात गेला. मी खूश! निघाली बडीशेपेची पुडी. चिमूटभर तोंडात टाकून गडी थेट एका दवाखान्यात शिरला. पाटी मनाच्या डॉक्टरची.

मीही मागोमाग आत शिरलो. मला पाहून तो दचकला नाही. "आलास? बरं झालं. घरी सांग, जगदेव बिडी ओढते म्हणून."

"काहून? ओढत तर नाईस!"

"दादा गेल्यापासून रोज तलफ येते. जीव नकोसा होते. गोळ्या अन् बडीशेपेवर निभावून राह्यलो. पण बिडीवाल्याले लोक हसतात, इथं येणाऱ्याले येडा म्हणतात."

संध्याकाळी थांब्यावर गोजराबाई उभीच, काखेत कपड्यांचं गाठोडं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी दुपट्टा पुन्हा तोंडावर ओढून घेतला.

गाठोड्याकडं पाहून जगदेवच बोलला, "नाई ओढली. मन ठिकाणावर नाई माहं. त्याचं औषध घेतो."

तिनं आधी सदऱ्याचा वास घेतला. मग गाठोडं त्याच्याच हातात कोंबलं. "चला घरी. पुढच्या गुरुवारी मीबी येईन."

आता दोघं मिळून जातात. गाव विचारतं, दर गुरुवारी कुठं? जगदेव सरळ सांगतो, "मनाच्या डॉक्टरकडं."

कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात, लपवून राह्यला काहीतरी.