समोर बसलेला गैरहजर माणूस

मी डिजिटल एजन्सीत वकील म्हणून लागले, ते कुरखेड्याला आईला समजावून सांगता सांगता माझी अर्धी सुट्टी संपली. "कोर्टात जात नाईस, मंग वकील कायची?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, कंपनीतच बसते, नोकरीतल्या लोकांचे करार, नियम, नोटिसा बघते. "आन थे कंपनी काय बनवते?" वेबसाइट. "बनवून ठेवते कुठी मंग?" इथे मी हात टेकले आणि भात वाढून घेतला. शेजारणीला तिने नंतर सांगितलं की पोरगी चंद्रपुरात बॅनरच्या दुकानात बसते. तेही फारसं चूक नव्हतं. खाली फ्लेक्सची मशीन घरघरायची आणि तिच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आमचं डिजिटल जग होतं.

त्याआधी दहा वर्षं मी कामगार न्यायालयात मालकांविरुद्ध भांडले. मग एका मालकाने टेबल, पंखा आणि नियमित पगार देऊ केला आणि मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, मला उन्हाचा कंटाळा आला होता. मालक वयाने माझ्याहून लहान, नागपुरात शिकून आलेला. मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात कायम एखादी नवी मशीन असायची.

चाळीसेक माणसांच्या त्या ऑफिसला मी बावन्न कलमांची नियमावली लिहिली. भामरागडच्या एका डिझायनरसाठी मी पूर-रजासुद्धा घातली होती, कारण पावसाळ्यात तो गावी गेला आणि नदीला पाणी चढलं की रस्ता खुला होईपर्यंत तिकडचाच होऊन जायचा. पण माझं सगळ्यात लाडकं कलम सतरावं. मालकाने अंगठ्याने हजेरी घेणारी मशीन आणली तेव्हा मी ते लिहिलं होतं: 'हजेरी केवळ यंत्रावरच ग्राह्य धरली जाईल. अन्य कोणताही पुरावा चालणार नाही. सलग दहा दिवस यंत्रावर हजेरी न आढळल्यास कर्मचारी स्वेच्छेने नोकरी सोडून गेला असे समजण्यात येईल.' दुसऱ्यांच्या नियमांतल्या फटी शोधण्यातच माझी दहा वर्षं गेली होती, त्यामुळे इथे मी एकही फट ठेवली नव्हती. टाइप होऊन आलेला कागद मी दोनदा वाचला, उगाचच.

मशीनची रीतसर पूजा झाली. मालकाने नारळ फोडला, मशीनला कुंकू लावलं आणि त्याच बोटांनी पहिली हजेरी द्यायला गेला. मशीनने त्याला ओळखलं नाही. अंगठा साबणाने धुऊन येईपर्यंत सगळं ऑफिस गंभीर चेहरे करून उभं होतं. ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती, पण आम्ही पेढे खाल्ले.

आता चाचांबद्दल सांगते. चाचा म्हणजे एकेकाळी शहरातले नावाजलेले पेंटर. जटपुरा गेटपासून पुढे कुठेही मान वर केली की त्यांच्या हातची पाटी दिसायची. मराठी, उर्दू, हिंदी, सिरोंच्याकडचं गिऱ्हाईक आलं तर तेलुगूसुद्धा. मग फ्लेक्स आला आणि पाट्या संपल्या. आमच्या मालकाला बहुतेक थोडी लाज वाटली असावी, कारण शहरातली पहिली फ्लेक्स मशीन त्याचीच होती. त्याने चाचांना नोकरी दिली. चाचा कागदावर कुंचल्याने अक्षरं काढत, मुलं ती स्कॅन करून वेबसाइटवर चढवत. वय अठ्ठावन्न. ही नोकरी गेली तर दुसरी कुणी देणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने सगळ्यांचे अंगठे नोंदवले. चाचांचा अंगठा काही केल्या उमटेना. पुसून, फुंकून, दाबून त्याने तो एकदाचा नोंदवला आणि नागपूरची बस पकडली. त्यानंतर मशीनने चाचांना एकदाही ओळखलं नाही. अंगठा ठेवला की आतली बाई गोड आवाजात इंग्रजीत सांगायची, पुन्हा प्रयत्न करा. चाचा पुन्हा ठेवायचे, ती पुन्हा तेच सांगायची. मग चाचा तिला सलाम करून आपल्या टेबलाशी जायचे. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रोज मायासंग बोलते थे बाई, आन थे बी इतकं गोड. म्या म्हटलं हजेरी लागली असन."

बाराव्या दिवशी मालक हातात छापील कागद घेऊन माझ्या खोलीत आला.

"म्याडम, चाचा नोकरी सोडून गेले."

मी काचेतून बाहेर पाहिलं. चाचा बशीत चहा ओतून पीत होते.

"ते काय, बसलेत ना."

"बसले असतीन. पन गेले. सतरा नंबर वाचा."

मी म्हटलं, अहो, माणूस डोळ्यांनी दिसतोय. त्यावर तो म्हणाला, "दिसनं चालत नाई. 'अन्य कोणताही पुरावा चालणार नाही.' तुमीच लिवलं न?" गंमत म्हणजे तो अजिबात चेष्टा करत नव्हता. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याचं मोठं काम मिळायचं होतं. त्यांचे साहेब दर महिन्याला मशीनची हजेरी मागवणार होते आणि त्यात चाचांची अख्खी ओळ लाल होती. "एकासाठी नियम मोडला त उद्या सगळेच म्हनतीन, मशीननं ओळखलं नाई."

वेळ काढायला मी म्हटलं, चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही, कोर्टात टिकणार नाही. हे खरंही होतं. तो म्हणाला, "करा मंग चौकशी. बाहेरचा वकील कायले, तुमी हाच न." म्हणजे नियम लिहिणारी मी, नोटीस देणारी मी आणि न्यायही मीच करायचा. कायद्याला हे अजिबात मान्य नाही, मी तसं सांगितलंही. पण बाहेरचा कुणी सतरावं कलम वाचून पाच मिनिटांत चाचांना घरी पाठवेल ही भीती मोठी होती. मी हो म्हटलं.

नोटीस मी स्वतः नेऊन दिली. आपण अमुक तारखेपासून आजपर्यंत विनापरवानगी गैरहजर आहात, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. चाचांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली.

"बाई, हे कोनाची हाय?"

"तुमची, चाचा."

"पन मी त इथीच हावो न."

"माहीत आहे. तेच लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी खुलासा आला, अख्ख्या ड्रॉइंग पेपरवर. 'मी हजर आहे' एवढीच तीन शब्दांची ओळ, प्रत्येक अक्षर वीतभर उंच, निळ्या रंगात, खाली लाल सावली आणि कडेने पिवळी रेघ. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आपला विश्वासू'. तो कुठल्याच फाईलमध्ये मावेना आणि घडी घालायचं माझ्या जिवावर आलं. गुंडाळी करून कपाटावर ठेवला.

चौकशीचे तीन दिवस झाले. कोर्टातल्या सवयीने प्रत्येक दिवशी मी आधी रोजनामा लिहायची, म्हणजे त्या दिवशी कोण आलं, काय झालं याची नोंद. 'व्यवस्थापनातर्फे मालक हजर. आरोपित कर्मचारी हजर.' खाली मालकाची सही, चाचांची सही. तिसऱ्या दिवशी मी शाईचा पॅड मागवला आणि चाचांना अंगठा कागदावर उमटवायला सांगितला. निळा गोल डाग उमटला. एकसुद्धा रेघ नाही.

"टरपिन," चाचा म्हणाले. "चाळीस साल थे तेल लावून रंग पुसला न यानंच. ब्रशपेक्षा अंगठाच जास्त चालवला."

तो डाग पाहिला आणि माझे कान गरम झाले. सिमेंट कामगारांचे असलेच अंगठे मी दहा वर्षं वकालतनाम्यांवर घेतले होते. निम्मे असेच, नुसते डाग. कोर्टातला कारकून कुरकुरायचा, तेव्हा मीच त्याच्यावर डाफरायची की कष्टाचा अंगठा आहे, असाच उमटणार. मला हे माहीत होतं. पूर-रजेचं कलम लिहिताना नदी आठवली, आणि अंगठा विसरले. टेबलाची बाजू बदलली आणि विसरले. मला माझी फार लाज वाटली.

लाज वाटली की मला राग येतो, आणि रागात माझं डोकं बरं चालतं. रोजनाम्याचे तिन्ही कागद मी मालकासमोर ठेवले. "ही सही कुणाची?"

"माही."

"वरची ओळ वाचा."

"आरोपित कर्मचारी हजर," त्याने वाचलं. दुसरा कागद वाचला, तिसरा वाचला.

"जो माणूस नोकरी सोडून गेला, तो तीन दिवस तुमच्यासमोर हजर होता असं तुम्ही सही करून दिलंय. हे कामगार न्यायालयात गेलं तर न्यायाधीश हसतील. मी त्यांना ओळखते, ते सहसा हसत नाहीत."

मालकाने निळ्या डागाकडे पाहिलं. मग आधी तो हसला, मग मी, आणि नेमकं काय चाललंय ते न कळून चाचाही. "बदला थे कलम," तो म्हणाला. "साहेबाले मी सांगतो." मी तिथेच लिहिलं: 'यंत्र अंगठा ओळखत नसल्यास नोंदवहीतील सही आजपासून ग्राह्य धरली जाईल.' त्याने सही केली. मी कागद चाचांना वाचून दाखवला आणि त्यांच्या आभाराची वाट पाहत उभी राहिले, खोटं कशाला सांगू.

चाचांनी चष्मा काढला. "म्हनजे मी आजपासून हजर?"

"हो."

"आन थे आंधीचे सारे दिवस? तवा मी कुठी होतो, बाई?"

मी कागद परत घेतला, 'आजपासून' खोडलं आणि वर 'पहिल्या दिवसापासून' लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे. चाचांनी ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, द्या इकडे, मी लिवून देतो.