गावचा पत्ता

"आपण इथे थोडेच राहायला आलोय," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. भिंतीत खिळा ठोकायचा असो की कुंडीतला कढीपत्ता अंगणात लावायचा असो, उत्तर हेच. बँकेच्या नोकरीसाठी ते महाराष्ट्रातून उज्जैनला आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी रेशन कार्ड गावचं, आधारवर पत्ता गावचा, आणि मतदानाला रजा काढून बाबा गावी. आम्ही सगळे इथे आणि आमचे कागद तिथे, याचं मला लहानपणी हसू यायचं.

बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत माझे गुण कमी पडले. वर्ष रिकामं जायला नको म्हणून मी इथल्या मोठ्या विद्यापीठात बीएस्सीला नाव घातलं. वर्गातल्या निम्म्या मुली माझ्यासारख्याच, हजेरीपुरत्या आलेल्या. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी वहीखाली भौतिकशास्त्राची गणितं सोडवायचे आणि तिथून थेट टॉवर चौकातला क्लास गाठायचे. एकदा मॅडमनी पकडलं. "डॉक्टर साहिबा, पहले ये स्लाइड तो देख लीजिए," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मला ती हाक फार आवडली होती. घरी येताना मी ती मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिली.

त्या वर्षी दुसऱ्या प्रयत्नात गुण आले, आणि चांगले आले. मागच्या वर्षीच्या यादीप्रमाणे मध्य प्रदेशच्या कोट्यातून सरकारी कॉलेज मिळण्यासारखे. मी म्हटलं, "बाबा, आपण इथले रहिवासी असल्याचं, मूल निवासीचं सर्टिफिकेट बनवून घ्या ना, लवकर लागेल." ते म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. आपण महाराष्ट्राचे, आपला हक्क तिकडचा. मी करून देतो." आणि आठवडाभर ते तिकडेच फोन करत राहिले. शेवटी कळलं, की तिथल्या जागेसाठी दहावी-बारावीही तिथूनच हवी. माझ्या दोन्ही उज्जैनच्या.

मग आम्ही धावत तहसीलमध्ये गेलो. तिथला बाबू भला माणूस होता. त्याने एकेक कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि हळूच म्हणाला, "साहब, काग़ज़ पर तो आप उज्जैन में रहते ही नहीं हैं." आधी पत्ते बदलायचे, मग अर्ज, मग चौकशी. तेवढ्यात कॉलेजच्या नोंदणीची मुदत संपली.

माझा स्वभाव तापट. त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "तुमच्या गावाने माझं वाटोळं केलं." आई मला गप्प करायला उठली. बाबांनी तिला हातानेच थांबवलं आणि ते कागदांच्या घड्या घालत बसले.

पुढच्या वर्षभरात त्यांनी मला एका शब्दानेही न विचारता सगळे पत्ते बदलून आणले. गावच्या रेशन कार्डातून नावं काढली, मतदार यादीतूनही. काकांचा फोन आला, "दादा, नाव कशाला काढतोयस रे?" बाबा म्हणाले, "पोरीचं काम आहे." मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून ते सगळं ऐकत होते. सर्टिफिकेट आलं तसं त्यांनी ते लॅमिनेट केलं आणि आईच्या, इथल्याच भैरवगढ़ छाप्याच्या कापडी पिशवीत ठेवलं.

मी तिसऱ्यांदा परीक्षा दिली. पेपर कठीण होता असं सगळे म्हणत होते, पण माझे सोपेच प्रश्न चुकले. निकालाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, लगेच कुठे जावं लागलं तर म्हणून.

"कमी आहेत?"

"हो बाबा. बरेच."

त्यांनी सर्टिफिकेट बाहेर काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि परत आत ठेवलं. "या वेळी कागद पूर्ण होते गं," एवढंच म्हणाले. मागच्या वर्षी मी जे बोलले होते त्याची माफी तेव्हा मागायला हवी होती. मला रडूच आवरेना, आणि ते राहून गेलं.

आता बीएस्सी संपली आहे. चौथ्यांदा परीक्षेला बसायचं धैर्य मला झालं नाही. मागच्या निवडणुकीत बाबांनी आमच्या गल्लीमागच्या शाळेत मत दिलं. शेजारच्यांनी विचारलं, "अंकल, इस बार गाँव नहीं गए?" बाबा म्हणाले, "अब तो यहीं के हैं," आणि बोटावरच्या शाईकडे बघत घरात आले.

परवा मी कढीपत्त्याची कुंडी अंगणात नेली आणि विचारलं, "बाबा, याला जमिनीत लावू?"

"लाव."

त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हणावं म्हणून मी हातात खुरपं घेऊन थोडा वेळ थांबले. बाबा पाण्याची बादली भरायला गेले. मग मी खड्डा खणायला घेतला.