हिरव्या रंगाखालचा लाल गोळा

दारव्ह्याला गाड्या रंगवणारे एक चाचा आहेत. जुन्या लढाऊ विमानांच्या रंगांचं त्यांना इतकं वेड, की नुसता अंगठा फिरवून पत्र्याच्या सात पिढ्यांची कुंडली मांडतील! आजोबांनी महायुद्धात तोफेनं पाडलेल्या जपानी विमानाचा पत्रा मी त्यांच्याकडे नेला. ही कथा मी अख्ख्या तालुक्याला मीठमसाला लावून ऐकवलेली.

चाचांनी ओल्या पॉलिश पेपरनं वरचा हिरवा रंग घासला. लाल गोळा दिसला.

"पाहा, जपानी!" मी ओरडलो.

चाचा घासतच राहिले. लालभोवती पांढरं कडं निघालं, मग निळं.

"जपान्याले निळं कडं नसते, भाऊ. हे तं आपल्याच, इंग्रजांच्या फौजेचं विमान."

चाचांनी उरलेल्या हिरव्यावर अंगठा फिरवला.

"वरचा हिरवा घरचा ऑइलपेंट हाय. कोनं मारला?"

"आजोबांनीच. युद्धावरून आल्याबरोबर."

चाचांनी पेपर खाली ठेवला. "मंग त्याह्यले मालूम होतं."