काकांची गादी

पावसाळ्यात एका सकाळी घाटंजीहून भावाचा फोन आला. ‘ताई, काकू गेली... तू लवकर ये, इथं बायका अडून बसल्या.’ कशावर, ते मला विचारावं लागलं नाही.

माझे काका हवाई दलात होते. लढाईत त्यांचं विमान परतलं नाही, आणि काकूनं कुंकू पुसलं नाही. लोक बोलायचे, बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! दरवर्षी पहिल्या वेच्यातला थोडा कापूस ती बाजूला काढायची आणि रहीमचाचा पिंजाऱ्याकडून काकांची गादी नव्यानं भरून घ्यायची. कापसानं सगळ्यांना रडवलं त्या वर्षांत बाबा एकदा कुरकुरले, तर म्हणाली, ‘भाऊजी, थे आल्यावर त्यायले चपट्या गादीवर निजवू काय?’ खाटेवरच्या त्या गादीवर कोणी बसायचं नाही, असा तिचा दंडक होता. मी तिची लाडकी पुतणी, पण त्यापायी मीही धपाटा खाल्लाय.

मग गावात बेपत्ता हवाई सैनिकांचं स्मारक झालं. पाहुण्यांनी काकूच्या हाती हार दिला, तो तिनं परत केला. ‘माणूस जिता असता दगडाले हार कायले घालू?’ तिनं काकांचं नाव पदरानं पुसलं, त्याखालच्या ‘बेपत्ता’ शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हे बरं लिहिलं बाप्पा.’

मी पोचले तेव्हा काकू अंगणात होती आणि आत्या करंडा धरून उभी. ‘सवाशीन म्हनून न्याची का विधवा म्हनून, थे सांग.’ माझं डोकंच फिरलं. ‘दगड कोरनाऱ्यायनं काकाले मारलं नाही, आत्या. आपन कोन मारनारे?’ मी करंडा हिसकावला आणि काकूचा मळवट भरला. मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण मनातून मला ठाऊक होतं, काका कधीच गेलेत...

गेल्या आठवड्यात मी घाटंजीला असताना कापूस घरी आला आणि न बोलावता रहीमचाचा दारात. ‘बाई, गादी काढा.’ मी काढून दिली. त्यांनी शिवण उसवली, हात फिरवला आणि थांबले. सगळी गादी फुललेली होती, फक्त एका कडेला कापूस दबून घट्ट झाला होता, जमिनीवर बसून डोकं टेकवावं एवढ्या जागेत.

‘दरसाली हे असंच असते बाई,’ चाचा म्हणाले आणि तो कापूस पिंजायला काढू लागले.

मी त्यांचा हात धरला. ‘तेवढा राहू द्या, चाचा.’