भैरोबाचा घाम

माझ्या चुलत बहिणीच्या तोंडात खोबरं दिसलं की माझ्या पोटात दुखायचं. हे आज कबूल करते, कारण ऐकायला आता ती नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलो, एकाच गुरवाच्या घरात. तिचा बाप माझा सख्खा चुलता. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे भैरोबाची पूजा होती, आणि देवापुढच्या नारळाचं अर्धं भकल, सुगीला चार पायल्या जोंधळे, यावर दोन्ही भावांचं भागत होतं.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि कुंडलच्या आसपासच्या गावांतली तरणी पोरं पलटणीत गेली. त्याच सुमाराला आमच्या ओढ्यापलीकडे एका बड्या ऊसवाल्याच्या मळ्यात नांगराला शेंदूर लागलेला दगड अडकला. मालकानं पाच पंच नेमले, पत्र्याचं देऊळ उभं केलं, सांगलीहून घंटा आणली, कुलपाची पेटी ठेवली आणि दारात पाटी लावली. साधा अभिषेक चार आणे, नवसाचा आठ आणे, लढाईवरच्या माणसाच्या नावाचा खास अभिषेक एक रुपया. पूजेला गुरव हवा होता. चुलता बायकापोरांसकट ओढा ओलांडून गेला.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या पाटीवरून रोज तोंडसुख घ्यायचे. "देवळाच्या दारात भाव लिवलाय! उद्या 'उधार बंद' म्हनूनबी लिवतील. आमी द्येव इकाया बसलो न्हाई. आन् नव्याचं नऊ दीस, बघत ऱ्हावा."

ते नऊ दिवस काही संपेनात. लेकांच्या काळजीनं बाया कडेगावाकडून चालत यायच्या आणि आमच्या भैरोबावरून सरळ ओढ्यात उतरायच्या. कापड कंट्रोलात, मोजून मिळत असताना चुलत बहिणीला दोन नवे परकर शिवले. शाळेत ती ओच्यातून खोबऱ्याचे तुकडे काढायची आणि माझ्यापुढे धरायची, "घे की, आमच्यात कोन खात न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी ते घेऊन खायचीही, आणि त्याचा राग वेगळाच. तिच्याकडे सगळं होतं. माझ्याकडे एकच गोष्ट तिच्याहून चांगली होती, ती म्हणजे माझा बाप. आबा उपाशी राहतील पण लबाडी करणार नाहीत, असं मी मनाशी घोकत घरी यायची.

त्यांचा देव तेलातुपानं लखलखायचा, आमचा धुळकट. मला तेही बघवेना. चैत्रातल्या एका दुपारी आबा पत्रावळी द्यायला गावात गेले, तेव्हा मी आईच्या बाटलीतलं करडईचं तेल घेतलं आणि भैरोबाचं तोंड कपाळापासून मिशीपर्यंत चोळलं. वर धूळ बसली, म्हणून तांब्यातलं पाणी शिंपडलं. अळूच्या पानावर राहतं तसं ते कपाळावर थेंबाथेंबानं थांबलं.

तेवढ्यात एक म्हातारी आली. तिचा एकुलता एक लेक लढाईवर होता आणि कित्येक महिने त्याचं पत्र आलं नव्हतं. रुपया जवळ नाही म्हणून ती अजून आमच्याच देवाला धरून होती. तिनं वर पाहिलं आणि किंचाळलीच, "आवं, द्येवाला घाम फुटला!"

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढे चुलत बहिणीचं तोंड आलं आणि मी गप्प बसले.

दिवस मावळायच्या आत निम्मं गाव लोटलं. अर्थ लोकांनीच लावला. द्येव लढाईवर जाऊन येतोय, पोरांच्या म्होरं हुबा ऱ्हातोय, म्हनून दमतोय. आबा गर्दीतून पुढे आले, देवाच्या कपाळावरून एक बोट फिरवलं, धोतराला पुसलं आणि हात जोडले. मला वाटलं, गहिवरले.

त्यानंतर मी रोज दुपारी खाली तेल आणि वर पाणी असं सुरू केलं. नारळांचा ढीग पडू लागला. तेलाची बाटली संपायच्या आत भरलेली दिसायची. आई भरत असेल असं समजून मी चौकशी केली नाही.

एक दिवस चुलत बहीणही रांगेत उभी राहिली. तिचा नारळ मी माझ्या हातानं फोडून घेतला आणि भकल तिच्यापुढे धरलं, "घे की, आमच्यात कोन खात न्हाई." वर्षभर ते वाक्य जपून ठेवलं होतं. तिनं भकल घेतलं आणि कट्ट्यावर बसून मजेत खाल्लं. तिला जळताच येत नव्हतं. मला याचाही हेवा वाटला.

मग एका दुपारी म्हातारीनं ओटीतून चांदीची वाकी काढून देवाच्या पायाशी ठेवली. लेकाच्या लग्नात सुनेच्या दंडात घालायला तिनं ती जपली होती. मला म्हणाली, "त्यो आला तर सून येनार, पोरी. माज्या लेकासाठनं द्येव एवढा घामाघूम हुतोय, आन् मी नुसती बघत बसू व्हय?"

मला लाज वाटली. चुलत बहीण, तिचे परकर, सगळं चुलीत जावो असं झालं. मी ठरवलं, आबांना सांगून टाकायचं. ते फोकानं मारतील, पण त्याच पावली म्हातारीच्या घरी जाऊन वाकी देऊन येतील. याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दिवेलागणीला घरी आले तर आबा सोप्यात बसले होते. हातात ती वाकी होती आणि चिंचेनं ते ती घासत होते. मी समोर उभी राहिले.

"आबा, भैरोबाचा घाम हाय न्हवं, त्यो..."

त्यांनी मान वर केली नाही.

"त्याल उद्यापास्नं जरा कमी लाव. काल वघळ पार मिशीखाली आला हुता," ते म्हणाले. "आन् म्हातारी यायच्या आदी उरकत जा."

मी बरं म्हटलं.